दांडा पुढच्या अंगाला

महेश्वर : पण बडेसाब, दांडा पुढच्या बाजूला कसा काय लावलात?

बडेसाब : पुढची म्हंजे कुठली, साहेब? तुम्ही जिकडं उभे राहाल ती पुढची.

महेश्वर : तसं नसतं हो. हे गवत कापायचं यंत्र आहे. ही दोन चाकं, मध्ये हे गोल फिरणारं पातं. माणूस मागं उभा राहतो आणि ढकलत नेतो. तुम्ही दांडा पात्याच्या पुढं वेल्डिंग करून ठेवलाय. आता मी ढकलू कुठून?

बडेसाब : ढकलू नका की. वढा.

महेश्वर : अव्वा, ऐकलंस का? ओढा म्हणतायत.

गिरिजाबाई : ऐकलं. बहिरी नाही झाले अजून. बडेसाब, माझ्याकडं बघून सांगा. चुकलं ना?

बडेसाब : अक्का, तुमच्यापुढं काय झाकायचं? चुकलं. आजवर माझ्या हातनं हातगाडी गेली, कुळव गेला, उसाच्या रसाचा गाडा गेला. सगळ्या वढायच्या वस्तू. दांडा म्हटला की हात आपसूक पुढंच जातो. जन्मात ढकलायची वस्तू एकच आली, आमच्या मेहनाजच्या पोराची बाबागाडी. तीबी नीट केली तर बाळ रस्त्याकडं पाठ करून बसायला लागलं.

गिरिजाबाई : आणि आमच्या फाटकाची कडी? ती बाहेरून लागते. आतल्या माणसानं कुणाला हाक मारायची?

बडेसाब : ती कडी नाही अक्का, मागावरचा धोटा आहे. लाकूड बघा कसलं. शंभर वर्षं काही होत नाही त्याला.

गिरिजाबाई : त्याला नाही होत. होतं ते आम्हाला.

महेश्वर : ते राहू दे. बडेसाब, आत्ता दांडा कापून मागच्या बाजूला लावून द्या. एवढंच.

बडेसाब : लाईट कुठाय? लाईट असती तर केव्हाच लावला असता.

महेश्वर : सहापर्यंत येणार नाही. मेसेज आलाय.

गिरिजाबाई : आणि तुझा तो प्लास्टिकवाला?

महेश्वर : बिभीषण? पाचला. तो वेळेचा एकदम पक्का आहे.

गिरिजाबाई : बघा की नशीब. गवंडी सांगितलेल्या दिवशी आला नाही, प्लंबर दिवाळीला येतो म्हणाला आणि संक्रांतीला आला. सबंध सोलापुरात वेळेचा पक्का माणूस निघाला तो नेमका हाच.

महेश्वर : अव्वा, आपलं ठरलं होतं. आज पाचच्या आत हे रान बोटभर करून दाखवलं तर लॉन राहील. नाही तर वरची माती उकरायची, खडी-सिमेंटचा थर द्यायचा आणि त्यावर कृत्रिम हिरवळ. एकदा टाकली की वर्षानुवर्षं बघायला नको.

गिरिजाबाई : बघायचंच नाही तर टाकतोस कशाला?

महेश्वर : तसं नव्हे. मेंटेनन्स नाही, असं म्हणायचंय मला. शेजारी उदयसिंहांच्या घरी जाऊन बघ एकदा.

गिरिजाबाई : बघितलं की. चैत्रात बघितलं. भर बारा वाजता डोक्याला टॉवेल बांधून नळीनं प्लास्टिकला पाणी घालत होते. मी म्हटलं, काय हो, उगवलं का? तर म्हणतात, काकू, लई तापतं, नातीचे पाय भाजले. नळ कधी येतो ते नळालाच माहीत नसतं, माणसं अर्ध्या बादलीत अंघोळ करतात, आणि हे प्लास्टिक गार करतायत.

महेश्वर : पहिल्या वर्षी तापतं जरा.

गिरिजाबाई : दुसऱ्या वर्षी ऊन कमी पडतं का हितं?

बडेसाब : अक्का, धूळबी बसते. परवा त्यांची कामवाली झाडू मारत होती. हिरवळीला झाडू! मी सायकल थांबवून बघितलं.

महेश्वर : तुम्ही मध्ये पडू नका हो. हे भंगारातलं धूड तुम्हीच आणून दिलंत.

बडेसाब : भंगार म्हणू नका साहेब. मिलच्या सायबाच्या बंगल्यातलं आहे. मिल बंद पडली, बंगला पडला, सगळं गेलं. मशीन राहिली. गंज खरवडला तर खाली इंग्लंडचं नाव निघालं.

गिरिजाबाई : मी बघितलंय ते चालताना. ह्याचे वडील मिलमध्ये होते तेव्हा बोनसच्या दिवशी डबा घेऊन जायची मी. बंगल्यापुढं असलंच हिरवंगार, आणि एक माळी पांढरा सदरा घालून हे ढकलत असायचा. आम्ही बायका कुंपणाशी उभ्या राहायचो. एवढं गवत आणि म्हैस एकसुद्धा नाही, ह्याचंच नवल वाटायचं.

महेश्वर : बघ, तुलाच आवडायचं.

गिरिजाबाई : आवडायचं कुठं? नवल वाटायचं म्हटलं. तू पाटबंधारे खात्यातून रिटायर झालास आणि म्हणालास, लॉन करतो. मी नको म्हणाले. हितं माझी मेथी होती, अंबाडी होती, कुंपणावर घेवडा चढायचा. उपटलंस सगळं. सतरंजीसारख्या गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्यास. त्या उन्हाळ्यात मेल्या, आणि खालून आली कोण? हरळी! माझ्या आप्पांनी वैरागच्या रानात जन्मभर हरळी खणली. मुळी ऱ्हायली तर रात्री झोप यायची नाही त्यांना. आणि त्यांचा नातू तिला पिशवीतलं खत घालतोय, वर तुषार सिंचन!

महेश्वर : मग तुला आनंद व्हायला पाहिजे, लॉन जातंय म्हणून. तेव्हा लॉन नको म्हणून भांडलीस, आता लॉन पाहिजे म्हणून भांडतेस. माणसानं एक काहीतरी धरावं.

गिरिजाबाई : लॉन गेलं चुलीत. त्याच्या खाली काय आहे, ठाऊक आहे का तुला?

महेश्वर : माती.

गिरिजाबाई : कुठली?

महेश्वर : आता मातीला काय गाव असतं?

बडेसाब : वैरागची आहे साहेब. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वर बसून आलो होतो. तुमच्या वडिलांनी, चनमल्लप्पांनी, घर बांधलं तेव्हा हितं नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी निघायची. तुमचे आजोबा म्हणाले, पोरीला घर दिलं जावयानं, माती मी देतो. काळीभोर. दोन खेपा केल्या.

महेश्वर : हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

गिरिजाबाई : सांगायचं काय त्यात? मेथी खात होतास तेव्हा कळलं असेल वाटलं.

महेश्वर : पण मामांचं शेत आहे की अजून...

गिरिजाबाई : शेत? मामा गेल्यावर पोरांनी विकलं. मागच्या मार्गशीर्षात लग्नाला गेले होते ना मी, ते मंगल कार्यालय त्याच रानात बांधलंय. जिथं हरळी खणायचे तिथं गाड्या लावतात. वाढप्यानं मला विचारलं, आजी, तुम्ही कुणाकडच्या? काय सांगणार? म्हटलं, जिलेबी वाढ. आप्पांचं रान म्हणून आता उरलंय ते एवढंच, तुझ्या फाटकापासून पायरीपर्यंत. त्यावर तू सिमेंट ओतणार. ओत. पण मी उरावर गवत ठेवून बसलेय ते ह्यासाठी. जिवंत काहीतरी असलं की खालची माती श्वास घेते.

महेश्वर : अव्वा, मला समजतंय. पण बिभीषणला शब्द दिलाय. माल घेऊन निघालाय तो. अट म्हणजे अट.

गिरिजाबाई : मी कुठं अट मोडा म्हणते? पाच वाजायचेत अजून. ओढ.

महेश्वर : मी?

गिरिजाबाई : मग कोण? बडेसाबांची कंबर गेली. मी ओढते, तू बघ लोक काय म्हणतात ते.

महेश्वर : उदयसिंह गॅलरीत बसलेत.

गिरिजाबाई : बसू दे की. चैत्रात आपण बघितलं, आता त्यांची पाळी.

बडेसाब : साहेब, दांडा आखूड आहे, पातं टाचेला लागंल. दोरी लावतो. ही घ्या, खांद्यावरनं अशी. खाली टॉवेल ठेवा, वळ उठत नाही.

महेश्वर : हे तुम्ही बैलाला करता तसं करताय.

बडेसाब : बैलाला टॉवेल कुठं ठेवतो आम्ही?

गिरिजाबाई : वर वजन पाहिजे बडेसाब. यंत्र उड्या मारेल. तो जुना वरवंटा बांधा मधल्या लोखंडाला. कुळवावर आप्पा मला बसवायचे वजन म्हणून. लई हौस होती मला. दिवसभर रानात फिरायला मिळायचं, पाय दुखायचे नाहीत.

महेश्वर : चपला घसरतायत.

गिरिजाबाई : काढ की मग. सरळ बघ. पाय रोव. हां... च्यक्‌ च्यक्‌!

महेश्वर : अव्वा! मला च्यक्‌ च्यक्‌ करू नकोस!

गिरिजाबाई : सवय रे. वळ आता, भिंत आली. डाव्या हाताला. डावा, डावा!

(लोखंडाचा करकराट. मागोमाग गवत कापल्याचा सपसप आवाज.)

बडेसाब : कापतंय! अक्का, कापतंय की! मी म्हटलं नव्हतं? इंग्लंडचं हाय.

महेश्वर : फोन वाजतोय. बडेसाब, खिशातून काढा. माझे हात दोरीत आहेत. बिभीषण आहे का?

बडेसाब : नाही. कॉलनीचा ग्रुप आहे. तुमचा फोटो आहे, साहेब. दोरीसकट, मागं अक्का.

महेश्वर : झालं! उदयसिंहांनी टाकला ना? खाली काय लिहिलंय?

बडेसाब : चष्मा नाही. अक्का, तुम्ही वाचा.

गिरिजाबाई : "आपले महेश्वर साहेब, निसर्गोपचार." त्याखाली वैष्णवी विचारतेय, हे शिबिर रोज किती वाजता असतं? भीमाशंकर म्हणतोय, पाठीच्या मणक्याला उत्तम. आणि कुणीतरी हात जोडलेत.

महेश्वर : हात कशाला जोडलेत?

गिरिजाबाई : माझ्या वयाला असतील. थांबू नकोस, पायरीकडची पट्टी राहिली.

महेश्वर : दम लागला.

गिरिजाबाई : लागू दे. दम लागावा म्हणून दर महिन्याला जिमचे पैसे भरतोस, आज फुकट लागला.

बडेसाब : साहेब, जरा तिरकं गेलं. हितं टक्कल पडलं.

महेश्वर : टक्कल? कुठं? अरे, हे खालपर्यंत गेलंय. माती दिसतेय.

गिरिजाबाई : काळी आहे ना?

महेश्वर : ...हो. काळीच आहे. ओली आहे अजून.

बडेसाब : आता फोन वाजतोय तो खरा. बि... बिभी...

महेश्वर : द्या इकडं. कानाला लावा. हॅलो, बिभीषणराव? कोपऱ्यावर आलात? या, या... नाही हो, बोटभर नाही झालं. कुठं वीतभर आहे, कुठं टक्कल... हो, अट पुरी नाही झाली. शब्द म्हणजे शब्द, तुमचा माल परत जाणार नाही... माप? माप तेच ठेवा. फक्त समोर टाकायचं नाही. गच्चीवर टाका... का म्हणजे? गच्चीवर माती नाही.

गिरिजाबाई : गच्चीवर काय करायचंय रे ते हिरवं?

महेश्वर : फोटो काढायचे. उदयसिंहांना पाठवायला.

गिरिजाबाई : आणि हे? हे असंच ठेवायचं, अर्धं भादरलेलं?

महेश्वर : आज एवढंच. बाकीचं उद्या सकाळी ओढतो. उन्हाच्या आत.

बडेसाब : मग साहेब, ह्या चपला घ्या. खडे टोचतील.

महेश्वर : राहू द्या तिथंच. मऊ आहे.