उकिडवेपंतांनी दुमडलेलं पान

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस मत मागायला दारात आला, की त्याचं वीस वर्षांपूर्वीचं बोलणं काढावं की नाही? काढावं ना? काढावंच! माना तर सगळ्यांच्या हलल्या. पण काढायचं कुणी? — आता कशा थांबल्या माना!

सोनवड नावाचं गाव. नगराध्यक्षाची निवडणूक लागलेली. त्या गावात एक साप्ताहिक निघायचं, आणि त्याचे संपादक त्रिंबकराव उकिडवे. सगळे त्यांना पंत म्हणत. पंतांनी चाळीस वर्षांचे अंक बांधून कपाटात ठेवलेले. निवडणूक आली, की पंत कपाट उघडणार आणि पहिल्या पानावर 'जुनं पान' छापणार. कोण पूर्वी काय बोलला, कुठल्या पक्षात होता, कुठल्या ठरावाला हात वर केला — जसंच्या तसं! उमेदवार विरोधकाला घाबरत नसत हो, त्या कपाटाला घाबरत!

या खेपेला नगराध्यक्षपदाला उभे होते उद्धवराव टेमकर. ओढ्यापलीकडच्या वस्तीत जाऊन म्हणाले, "मी पहिल्यापासून तुमचाच!"

पंतांना हे कळलं. उघडलं कपाट. बावीस वर्षांपूर्वीचा अंक निघाला. तेव्हा टेमकर नगरसेवक होते. गावात नवी स्मशानशेड झाली होती, आणि ती सगळ्यांना खुली करावी असा ठराव सभेत आला होता. टेमकर उठून म्हणाले होते, "वस्तीची दहनाची जागा ओढ्याकाठी आहे, ती तिथंच बरी." ठराव पडला!

पंतांना केवढा आनंद! सापडला गडी! — आणि मग पंतांची नजर त्याच बातमीच्या खाली गेली. खाली काय होतं? अग्रलेख! 'टेमकरांचं म्हणणं व्यवहार्य आहे, गावानं घाई करू नये.' लिहिणारा कोण? त्रिंबक उकिडवे! मंडळी, स्वतःचंच लिहिलेलं पंत साफ विसरले होते. विसरतो माणूस. आपलं तेवढंच विसरतो!

पंतांनी काय केलं? पान बरोबर मधोमध दुमडलं, वरच्या अर्ध्याची झेरॉक्स काढली आणि सुनेपुढं ठेवली. सून वैजयंती. कॉम्प्युटरवर अंकाची पानं तीच लावायची. ती म्हणाली, "मामंजी, खाली काय आहे?"

"जाहिरात असेल एखादी."

सून हुशार! उठली, कपाटातून अंक काढला, उभ्या उभ्या वाचला. परत येऊन हळूच म्हणाली, "छापायचं तर सगळं छापू या. नाहीतर काहीच नको."

पंत कडाडले, "अगं, निवडणुकीला मी उभा आहे का?"

वा! काय बिनतोड उत्तर! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पण खरं सांगू? पंतांना त्या क्षणी भीती वाटली होती. चाळीस वर्षांत पंतांनी माडी बांधली नाही, गाडी घेतली नाही. 'पंत खोटं छापत नाहीत' एवढंच कमावलेलं. ते गेलं तर हातात काय? अंक अर्ध्याच पानानिशी निघाला.

गावात हलकल्लोळ! टेमकरांचे कार्यकर्ते तोंड लपवायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात टेमकरांची शेवटची सभा. गर्दी ही! टेमकर आले, ते काखेत एक फ्रेम घेऊन. आता पुढाऱ्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पेपरात कौतुक आलं, की ते काचेत बसवून भिंतीवर लावायचं! टेमकरांच्या आयुष्यातला तो पहिला कौतुकाचा अग्रलेख. अख्खं पानच मढवून बावीस वर्षं बैठकीत टांगलेलं. वर आपलं भाषण आहे, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं!

टेमकर म्हणाले, "मी बोललो ते वाईट बोललो. पण पंतांनी अर्धंच पान छापलं. उरलेलं मी आणलंय." आणि अग्रलेख खणखणीत आवाजात वाचला, खालच्या नावासकट. लोक हसून हसून बेजार! पंत बातमीसाठी आलेले, पुढच्याच रांगेत. म्हातारा उभा राहिला. म्हणाला, "लिहिलं मी होतं. आणि परवा दुमडलंही मीच." आणि खाली बसला. मंडळी, मला टेमकरांशी कर्तव्य नाही आणि पंतांशीही नाही. पण भरल्या चौकात एवढं बोलायला छाती लागते, हे कबूल करू या.

लोकांना वाटलं, संपला तमाशा. तेवढ्यात बायांच्या बाजूनं कोंडाबाई उठली. वस्तीतली म्हातारी. बावीस वर्षांपूर्वी तिचाच नवरा गेला होता, आणि त्याची तिरडी शेडच्या दारातून परत फिरवली होती. तिच्यापायीच तर तो ठराव आला होता!

कोंडाबाई म्हणाली, "ह्यो बोलला, त्यो लिव्हला. दोघांचं बी कागदावर हाय, म्हणून आज घावलं. पर माज्या मालकाची तिरडी माघारी फिरली, तवा ह्यो समदा चौक असाच भरला हुता. दुकानं उघडी हुती. कुणी ब्र काढला न्हाई. त्येंचा कागुद मी कुठं हुडकू?"

हसणं थांबलं. कुणी कुणाकडं बघेना.

पुढं टेमकर पडले. पंतांनी पुढच्या अंकात अख्खं पान छापलं, आणि निम्मे वर्गणीदार सुटले. आणि गावाचं काय झालं? काही नाही झालं! गाव घरी गेलं, जेवलं, झोपलं.

मंडळी, आख्यान संपलं. तुम्ही निवडणुकीला उभे नाही, मीही नाही. आपली जुनी पानं काढायला कोणी येणार नाही. नामघोषाला टाळ उचलाल — थांबा, जरा खाली ठेवा. डोळे मिटा. तुमच्या देखत कुणाची तरी तिरडी, कुणाची तरी घागर, कुणाचं तरी लेकरू दारातून परत फिरवलं होतं, आणि तुम्ही दुकानात बसून होतात. चेहरा आठवला? आधी त्या माणसाचं नाव घ्या, मनातल्या मनात.

घेतलं? ... नाव माहीत नाही म्हणता? मग देवाचं तरी कुठल्या तोंडानं घ्यायचं हो?