डायनामो पाटणात, कटआउट आष्ट्यात

रविराज : रेस दे, मयू. अजून दे! विझला का चार्जिंगचा दिवा?

मयूरी : नाही अप्पा. लालभडक जळतोय. डोळे वटारून माझ्याकडंच बघतोय मेला!

रविराज : डायनामोचं तिसरं कटआउट हाय हे. तिसरं! दुकानदार म्हणला, फियाटचंच हाय, डोळं झाकून लावा.

मयूरी : मग लावलंत की डोळे झाकून.

रविराज : जिभेला हाड असू दे जरा. उद्या पल्लवी ह्या गाडीतनं सासरी निघायची. निघंपतूर अंधार पडणार, दिवं लागणार, आन् हितं बॅटरीत करंटच जाईना!

मयूरी : इंजिन चालू राहू दे, मी खाली उतरते. तुम्ही दिव्याकडं बघा. ही डायनामोची बारीक वायर, फील्डची, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलची. ही मी कटआउटमधनं काढली...

रविराज : आगं, शॉक बसंल!

मयूरी : बारा व्होल्टचा? गुदगुल्या पण व्हायच्या नाहीत. आणि आता ही टेकवली गाडीच्या बॉडीला.

रविराज : विझला! आगं, विझला की! परत कर.

मयूरी : काढली, पेटला. टेकवली, विझला. म्हणजे डायनामो ठणठणीत. आणि तुमची तिन्ही कटआउटसुद्धा ठणठणीत. सकाळपासनं त्यांना उगाच शिव्या खायला लागल्या.

रविराज : मग बिघडलंय काय?

मयूरी : काहीच नाही, हीच तर पंचाईत! हा डायनामो तुम्ही भंगारातनं आणलाय, जुन्या जीपचा. त्याच्या फील्डला आतनंच करंट मिळतो, बाहेरनं फक्त अर्थिंग पाहिजे, आत्ता बॉडीला टेकवलं तसं. आणि फियाटचं कटआउट अर्थिंग देत नाही, तेही करंटच देतं. दोन्हीकडनं करंट, मग तो वाहणार कुठं?

रविराज : पर दोन्हीवर बारा व्होल्ट लिवलंय.

मयूरी : आडनाव एक आहे म्हणून दोन भाऊ एकमेकांशी बोलतात का?

रविराज : मयू!

मयूरी : चुकलं. म्हणजे, तसं चुकलं नाही.

रविराज : ती वायर बॉडीलाच बांधून टाक. जाऊ तशीच.

मयूरी : आणि त्याला आवरणार कोण? कटआउट म्हणजे डायनामोचा लगाम. लगाम काढला की जेवढी रेस तेवढे व्होल्ट. बॅटरी उकळेल, बल्ब उडतील.

रविराज : मग जीपचं कटआउट बघू की. पलूसला एकजण हाय...

मयूरी : रविवारी दुपारी? कधीकाळच्या जीपचं? अप्पा, दुरुस्त करून ठेवलेला फियाटचा मूळ डायनामो पाटणात आहे. थोरल्या आबांच्या घरात. तुम्हाला माहितीय.

रविराज : त्याचं नाव काढू नगंस.

मयूरी : त्यांच्याच पोरीच्या लग्नाला निघालोय आपण!

रविराज : पल्लवीनं फोन केला म्हणून. "काका, आजोबांच्या गाडीतनंच जाणार मी," म्हणली. मी व्हय म्हणलो ते तिला. त्याला न्हाई.

मयूरी : गाडी एकाला आणि गाडीच्या सामानाची पेटी दुसऱ्याला! ही वाटणी निघाली तरी कुणाच्या डोक्यातनं?

रविराज : पंचांच्या. दोघांचंबी समाधान व्हायला पायजे म्हणलं.

मयूरी : झालं?

रविराज : डायनामो मागायला माणूस पाठवला हुता मी. दिला न्हाई त्यानं.

मयूरी : माणूस पाठवलात. तुम्ही नाही गेलात.

रविराज : तुला दहावीत फिजिक्स शिकवत्यात का वकिली?

मयूरी : दोन्हीत पहिला नंबर आहे! थांबा, फोनच लावते.

रविराज : मयू, ठेव तो. मयू! आगं...

(मयूरीनं थोरल्या आबांना, म्हणजे रविराजचे मोठे भाऊ हंबीरराव यांना, फोन लावून तो स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला आहे.)

हंबीरराव : कोन, मयू? कुठं हाईसा? हितं हळद लागायची येळ झाली.

मयूरी : आबा, आम्ही उद्या पहाटे निघतोय. पण गाडी चार्जिंग घेईना. पेटीतला डायनामो आहे का अजून?

हंबीरराव : हाय की. फडक्यात गुंडाळून ठिवलाय. का, त्यानं कुठला लावलाय?

मयूरी : जीपचा.

हंबीरराव : आन् कटआउट फियाटचं? आरं देवा! त्याचं आन् ह्याचं जमंल का कवा? इचारायचं न्हाई व्हय कुणाला?

मयूरी : कुणाला म्हणजे, तुम्हाला?

हंबीरराव : ...हे बघ पोरी. बॅटरी आज बाहेरनं चार्ज करून घ्या. उजाडल्यावर निघा, दिवं लावू नगा. पाटणपतूर बॅटरीवर येतीया गाडी. डायनामो हितं दारातच बदलू. पोरगी निघायच्या आत व्हतंय.

मयूरी : अप्पा, ऐकलंत?

हंबीरराव : ऐकतोय व्हय तो? मग सांग त्याला, पान्हं घिऊन ये म्हणावं. पेटी म्या परवाच भाईर काढून ठिवलीया. पर पान्हं समदं गाडीसंगं तिकडं आष्ट्याला गेल्यात.

मयूरी : अप्पा... बोला की.

रविराज : दादा.

हंबीरराव : हं.

रविराज : कुठल्या मापाचं आणू?

हंबीरराव : समदंच घिऊन ये.