वस्तरा उचलल्यावर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची थोर मंडळी, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि आज तिकिटाशिवाय आत आलेल्या रसिकहो,

सत्कारमूर्तींविषयी मी चार शब्द बोलावेत, असं ठरलं आहे. मला एक जास्त होतो. आयुष्यभर मी तीन शब्दांवर पोट भरलं. ‘मग काय झालं?’

पाहा, तुम्हीही माझ्याबरोबर म्हणालात. भाजीवालासुद्धा मला त्याच नावानं हाक मारतो. “अहो मग-काय-झालं, कांदे देऊ का?” हे तुमचे गप्पाकाका. जगाचे काका. माझा गप्प्या.

मघाशी प्राचार्यांनी काकांच्या विरामाचं सुंदर विवेचन केलं. शब्दांमधली शांतता, वगैरे. तो विराम आला कुठून, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आम्ही दोघं एका केशकर्तनालयात कामाला होतो. दोन खुर्च्या. डावी त्याची, उजवी माझी. दाढी करता करता तो गोष्ट सांगायचा. आता गळ्याशी वस्तरा असताना गिऱ्हाईक हसलं तर? म्हणून वस्तरा गळ्याशी आला की गप्प्या गोष्ट थांबवायचा. दुकान चिडीचूप. मग वस्तरा उचलायचा. त्याचं मनगट वर गेलं की मी विचारायचो, “मग काय झालं?” तो शेवटचं वाक्य टाकायचा आणि गिऱ्हाईक बिनघोर हसायचं. हा तो विराम. साहित्यात पुढे गेला.

मला विचारायला वेळ कसा मिळायचा? माझी खुर्ची रिकामी असायची.

बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी टॉवेल झटकून म्हणायचो, “या साहेब, मी मोकळाच आहे.” साहेब म्हणायचे, “राहू दे, घाई नाही.” दाढी वाढवून आलेल्या माणसाला घाई नाही! हात माझा हलका होता, त्याच्यापेक्षा हलका. वहिनी, नवऱ्याकडे बघून हसू नका. तुमचे वडील माझ्याच खुर्चीत बसायचे. अर्थात, त्यांना ऐकू कमी यायचं.

आणि तो मामा. शेजाऱ्याची शिडी घेऊन छपरावर चढलेला मामा. शेजारी शिडी मागायला आला आणि दुसऱ्याची वस्तू ठेवून घेऊ नये म्हणून मामानं वरूनच ती देऊन टाकली. तुम्हा सगळ्यांना पाठ असलेला तो मामा माझा होता हो. माझ्या आईचा सख्खा भाऊ. ती गोष्ट दुकानात पहिल्यांदा मी सांगितली. गिऱ्हाईक म्हणालं, “कल्ले जरा कमी करा.” दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट गप्प्यानं सांगितली, तर एक माणूस हसून खुर्चीतून घसरला.

पुढचं तुम्ही जाणता. दौरे, रेडिओ, मानपत्रं. वस्तरा सुटला, पण शेवटच्या वाक्याआधी त्याचं मनगट तसंच वर जात राहिलं. पोस्टरवर त्याच्या चेहऱ्यामागे एक कोपर दिसतं, ते माझं. आमची ही रेडिओवर त्याचं एखादं वाक्य ऐकून हसता हसता डोळे पुसते. तेच वाक्य मी जेवताना म्हटलं तर विचारते, “आणखी वाढू का?”

मागच्या महिन्यातला प्रयोग... वहिनी मान हलवताहेत. सांगू द्या वहिनी. इथले निम्मे लोक त्या दिवशी हजर होते, फक्त त्यांना कळलं नाही.

मामा छपरावर. खालून मामी म्हणाली – इथे तो थांबला. मी मनगटाकडे बघत होतो. मनगट वर जाईना. सभागृह वाट बघत होतं. गप्प्याचा चेहरा कोरा, पुसलेल्या आरशासारखा. मग मीच बोललो. माझाच तर मामा! “मामी म्हणाली, बसा तिथंच. खाली असताना तरी कुठं उपयोगाचे होता?” शब्द तेच, चढउतार तेच. एकही माणूस हसला नाही.

तेव्हा त्याचा हात वर गेला. माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “मग काय झालं?”

सभागृह कोसळलं. माणसं खुर्च्या बडवत होती. माझं वाक्य! जन्मभर म्हटलं, त्यावर कधी कुणी हसलं नाही. त्यानं एकदाच म्हटलं. वर्तमानपत्रात छापून आलं, काकांचा नवा प्रयोग.

पडदा पडल्यावर त्यानं हळूच विचारलं, “तो मामा कुणाचा रे?”

“माझा.”

“बरं झालं. मला वाटलं, माझा.”

इतक्या वर्षांनी मामा परत मिळाला. घेऊन काय करू?

असो. संयोजकांनी मला माईकसमोर एकट्याला उभं केलं, त्यांचा ऋणी आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही चिठ्ठी पाठवली नाही, त्यांचाही. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये, हे मला समजतं. अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला.

आता सत्कारमूर्ती उत्तर देतील. मामाचीच गोष्ट सांगणार आहेत, सकाळपासून घोकताहेत. रीतीनं मी आता जागेवर जाऊन बसायला हवं. मी जाणार नाही. इथंच, त्याच्या उजव्या अंगाला उभा राहीन. एवढीच विनंती की त्याचं मनगट वर गेलं नाही, तर कितीही वेळ लागो, गप्प बसा. आणि वर गेलं, तरी गप्पच बसा. हल्ली तुम्ही सगळे माझ्याबरोबर ओरडता. आज नको. हसणं तुमचं, टाळ्या त्याच्या.

ते तीन शब्द माझे आहेत.