गवळ्यांची पोरं अजून आतच

— नाही मुजम्मिलभाऊ, फॉर्मवर मी 'अयोग्य' लिहिलं ते काही तुमच्यावर राग म्हणून नाही लिहिलं — बसा आधी, ती खुर्ची नका घेऊ, तिचा पाय हलते, ही घ्या — तुम्ही खामगावाहून पडदा, भोंगा अन् लॅपटॉप घेऊन गावोगावच्या शाळेत चित्र दाखवता, चांगलं काम आहे, कोण नाही म्हणते — अन् शनिवारी आमच्या वरवट बकालच्या शाळेत श्रीकृष्णाचं कार्टून लावायचं, पोरं पंधरा दिवसांपासून वाट पाहून राह्यली, हे मले माहीत नाही का? माहीत आहे. पण मोठ्या बाईंनी सांगितलं, धार्मिक चित्र आहे, त्यात राक्षस आहेत, लहान पोराइले झेपन का नाही ते आधी कोणीतरी पाहून लिहून द्या. कोणीतरी म्हणजे कोण? सगळ्या शाळा समितीनं माह्याकडे पाह्यलं. काऊन? तर रमाकांतभाऊ सगळं लिहून ठेवतात. आता ठेवतो, खोटं काऊन बोलू — तेवीस वर्षं झाली, रोज एक पान. ग्रामपंचायतीतून घरी आलो का चहाच्या आधी डायरी. कोणती एसटी किती उशिरा आली, कोणाच्या म्हशीनं कोणाची तूर खाल्ली, सगळं सापडते माह्याजवळ. मले कोणी घाईचा माणूस म्हणणार नाही.

तर ऐका. मंगळवारी चार वाजता तुमचा लॅपटॉप याच टेबलावर ठेवला. चित्र पोराइसाठी आहे तर पोरं समोर पाहिजेत, हा माहाच विचार — म्हणून शेजारची पायल बोलावली, सहा वर्षांची, अन् तिच्या वर्गातल्या दोघी. आमच्या सौभाग्यवतीनं, स्नेहलतानं, मुरमुरे दिले. मी वही घेऊन बसलो. हे पाहा, सगळं लिहिलेलं आहे — मिनिट तिसरं, गाई निळ्या दाखवल्या. गाई निळ्या नसतात, पण त्यात भ्यायसारखं काही नाही. मिनिट सहावं, कृष्ण हात न धुता लोणी खाते. मोठ्या बाईंच्या कानावर घालावं. मिनिट अकरावं, यशोदाबाई पोराचा कान पिळतात — हे आता शाळेत चालत नाही, पण घरी चालते, अन् ते घर आहे, म्हणून सोडलं. मिनिट सतरावं, बगळ्याच्या रूपात राक्षस, पोरी हसल्या. पण लिहायले वेळ लागते ना? चित्र काही आपल्यासाठी थांबत नाही. तर तुम्हीच दाखवलं होतं ते लांब बटण — दाबलं का थांबते. मग काय, दाबायचं, लिहायचं, दाबायचं, लिहायचं.

अन् मग एकोणतिसावं मिनिट. अघासुर. साप होऊन रस्त्यात तोंड वासून पडलेला, एवढं तोंड का गवळ्यांच्या पोराइले वाटते गुहाच आहे, अन् सगळे वासरं घेऊन हसत-खेळत आत — पेंद्या लंगडत लंगडत सगळ्यात मागं. त्याचा पाय आत पडला अन् मी बटण दाबलं. काऊन दाबलं? अहो, हीच तर तपासायची जागा. वरचे दात सव्वीस, खालचे चोवीस, चार वेळा मोजले. जिभेचा रंग — जांभळा लिहावा का जांभळट लिहावा तेच ठरेना. डोळ्यात लाल रेघा, त्या अंदाजे लिहिल्या. किती वेळ म्हणता? — अडतीस मिनिटं. वहीत आहे, मीच लिहिलं. तेवढा वेळ पोरी कशा बसल्या होत्या ते पाह्यलं का? नाही पाह्यलं. मी सापाकडे पाहत होतो. स्नेहलता म्हणते मुरमुऱ्याची वाटी तशीच होती. तेवढ्यात साडेपाच झाले, पायलची आई आली, डिंपल — चला म्हणे ट्युशनले — अन् पोरी उठून गेल्या. साप तसाच. तोंड उघडं.

बुधवारी पायल अर्धीच पोळी खाऊन उठली. ताप नाही, खोकला नाही — अर्धी खाते अन् अर्धी फडक्यात बांधून ठेवते. कोणासाठी? गवळ्यांच्या पोराइसाठी. मंगळवारपासून आत आहेत ना ती, उपाशी. डिंपल माह्या दारात उभी — भाऊजी, म्हणते, माह्या घरी बारा जणांचा स्वयंपाक चालू आहे, वासरांसाठी चारा वेगळा मागून राह्यली, तुम्ही दाखवलं तरी काय माह्या पोरीले? म्हटलं, धार्मिक होतं. ती म्हणे, धार्मिक असतं तर ते बाहेर आले असते. आता याले काय उत्तर आहे? आहे — येतात ना बाहेर, कृष्ण आत जाते, मोठा होते, सापाचं डोकं फुटते, सगळे जिवंत — तुम्ही दहा गावात दाखवलं, तुम्हाले माह्याहून जास्त पाठ असन. पण पायलले हे सांगितलं तर ती मले विचारते, तुम्ही पाह्यलं का आजोबा? आजोबा म्हणते — बावन्न वर्षांचा माणूस मी — पण तुम्ही पाह्यलं का?

म्हणून लिहिलं, अयोग्य. कारण, एका बालिकेचं जेवण अर्धं झालं. बरोबर आहे का नाही? — असं काय पाहता? पानं काऊन उलटता, पुढं काही नाही त्यात. हाव. एकोणतिसाव्या मिनिटापुढं काही लिहिलेलं नाही. काऊन म्हणजे — पाह्यलं नाही म्हणून. चित्र सत्तर मिनिटांचं आहे, ते मलेही दिसते. आता तुम्हाले काय सांगू. बुधवारी बसलो होतो मी, एकटाच, दार लावून. बोट त्या लांब बटणावर ठेवलं. अन् माह्याच्यानं दाबल्या गेलं नाही. मले माहीत आहे ते निघतीन — पण गाई निळ्या करणारे लोक हे, त्याइचा काय भरवसा? एखाद्यानं म्हटलं असन, जरा बदल करून पाहू. पेंद्या आतच राह्यला तर? ते मी कोणत्या तोंडानं लिहू, अन् पायलले काय सांगू? स्नेहलता म्हणते, पोरींचं सोडा, तुम्हीच भ्यालात. तिचं काय, तिले काहीही दिसते. भ्यालेला माणूस चार वेळा दात मोजते का? — मोजते. दात मोजत बसलं का त्याच्या डोळ्यात पाहावं लागत नाही.

अहो — हे काय, लॅपटॉप काऊन उघडला? थांबा, माहा पेन — बरं, राहू द्या पेन. दाबू नका, आधी पायलले बोलावू, तिच्याशिवाय पाह्यलं तर काय उपयोग. पायल, ये बेटा, हे मुजम्मिलकाका पुढचं दाखवून राह्यले. फडकं कशाले आणलं? बरं, असू दे. बस माह्या मांडीवर — मले नाही, तुले भेव वाटन म्हणून. दाबा. — आत लयच अंधार केला हो यांनी. थांबवू का जरा — ही नाही म्हणते. — आला, कृष्ण आला आत. फुगून राह्यला. पायल, बाहेर येतीन तसे मोज — एक, दोन — ते वासरू आहे, वासरं नको मोजू — आठ — दहा, अकरा — पेंद्या कुठं आहे? पेंद्या कुठं — हा. आला. आला रे बाबा.

पाहा, गाठ सोडून पोळी स्वतःच खाऊन राह्यली. द्या तो फॉर्म. 'अयोग्य' खोडतो, खाडाखोड माहीच आहे असं बाजूले लिहितो. योग्य. सूचना एक, मधात थांबवू नये. सूचना दोन, मोठ्या माणसानं एकट्यानं पाहू नये, सोबत एखादं लेकरू घ्यावं. — हसता काय, शाळेचा कागद आहे. पुढचं न पाहता सही करून राह्यलो, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. घ्या, अन् निघा आता — लॅपटॉप कुठं नेता? आम्ही पाहून राह्यलो. स्नेहलतानं चहा टाकला असन, तो बाहेरच घ्या. अन् दार ओढून घ्या, उजेड येते.