अझेलियाला राख चालत न्हाय

माझं माहेर वाडा तालुक्यातलं, भाताचं गाव, तिथं उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हंजे शेण, पाला, गवत शेतात पसरून जाळायचं आनी त्या राखेत भात पेरायचं, मंग रोप असं तरारून यायचं की बघत ऱ्हावं, तर राख दिल्याशिवाय रोप जगत न्हाय हे आमच्याकडं शेंबडं पोर पन सांगंल. लगीन होऊन काल्हेरला आली, ऐंशी साल उलटलेलं, इथं पन तीच रीत. घरात नवरा आनी सासू. तिला मी आय म्हनते, तिचा हा एकुलता एक. तो भिवंडीतनं कापडाच्या गाठी भरून ट्रक पार बंगालपर्यंत न्यायचा आनी मी लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायची.

एका खेपेला तिकडल्या पहाडातनं झाड घेऊन आला, केबिनमदी पायापाशी ठेवून. अझेलिया म्हनाला. काय सांगू तुम्हाला, गुलाबी फुलं इतकी की पानच दिसंना. मी म्हटलं, अवो, ही थंड हवेतली बया आपल्या उकाड्यात नांदंल काय, तर म्हनतो कसा, तू नांदलीस ना माझ्या आयपाशी, मंग ही पन नांदंल. असा व्हता तो, सरळ बोलायचा म्हनून न्हाय. पन झाडाचं मात्र नीट सांगितलं, तिथल्या माळ्यानं त्याला बजावलेलं. सकाळचं ऊन चालंल, दुपारचं न्हाय. मुळं केसावानी बारीक, वरच्यावर असतात, तर खोल पुरायचं न्हाय आनी बुडाशी खुरपं घालायचं न्हाय. बोअरिंगचं पानी क्षाराचं, ते नको, पावसाचं साठवलेलं घाल. कुजका पाला बुडाशी पसर. आनी चुना, राख जवळ आनू नको, याला आंबट माती लागते. आय तवा भावाकडं गेलेली, तिनं यातलं कायच ऐकलं न्हाय.

आंब्याच्या सावलीला लावलं. आय आली, फुलं बघून हरखली. मंग तो पुढच्या खेपेला गेला आनी घाटात ट्रक दरीत गेला. खबर आली तवा तिकडं सगळं उरकलेलं. तोंड न्हाय बघितलं, अस्थी न्हाय आल्या, मला सांगा, मानसानं रडायचं कुठं बसून? आम्ही दोघी त्या झाडापाशी बसायचो. त्याच्या हातचं तेवढंच उरलेलं.

थंडीत झाडानं कळ्या धरल्या. एक दिवस ड्युटीवरनं आली तर अंगनात धूर. म्हातारीनं शेण-पाला जमवून राब भाजलेला आनी ती राख दोन्ही हातांनी झाडाच्या बुडाशी दाबत व्हती. तो गेल्यापासनं पहिल्यांदा हसली माझ्याकडं बघून. म्हनली, त्याच्या पोटाला दिलं गं, आता बघ कसा फुलतो. फुलतो म्हनली ती, फुलतं न्हाय.

ती नळावर गेली की मी बोटांनी राख उपसायची, राखेबरोबर मुळं पन निघायची. चिंचेचं पानी घातलं, बुडाची माती बदलली, पिंपातलं पावसाचं पानी संपवलं. पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. आय म्हनायची, भूक ऱ्हायली त्याची, आनी परत राख. ती घालायची, मी काढायची. वेड लागायचं बाकी व्हतं. मी म्हटलं, आय, पुरे आता, जास्ती व्हईल. तर म्हनली, पोराला जास्ती झालेलं कुठल्या आयनं बघितलंय?

सांगायचं एका वाक्याचं काम व्हतं, आय, तुझ्या राखेनं मरतंय ते. जिभेवर आलेलं कितीदा. पन पोर एकदा गेलेलं, आता माझ्याच हातानं परत गेलं म्हनून तिनं हाय खाल्ली असती. झाड वाचलं असतं, म्हातारी न्हाय. मी लूमवर कांड्या भरत रडायची, खटखटीत कोन ऐकतंय. मंग एक दिवस घरी आली आनी राख उपसायची सोडून दिली. बघत ऱ्हायली नुसती. कळ्या करपल्या, फांदी मोडली तर कडकन वाजली.

तवर आयच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी अझेलिया उपटून तिथं गुलाबी जास्वंद लावली. उपटताना तोंडात पदर कोंबलेला.

आता आजूबाजूला सगळी गोडाऊनं झाली. ट्रकचा हॉर्न वाजला की आय मान वर करते. दर उन्हाळ्यात अंगनात मूठभर राब भाजते, चाचपडत राख घालते, आनी जास्वंदीचं काय, ती मेली कशावर पन फुलते. म्हातारी फुलावर हात फिरवते, म्हनते, बघ, राखेनंच जगला माझा पोर. मी म्हनते, हो आय, तुझ्या हातानंच जगला. देव तिला तेवढं मानून सुखानं जाऊ दे, माझं काय, मी हाय.