माझ्या कोपऱ्यातलं ऊन

...आणि वर मलाच ओरडतात, ‘आजोबा, सावली!’ अहो, माणूस म्हटला की सावली पडणारच! घडी करून खिशात ठेवू काय? गच्चीच्या त्या एका कोपऱ्यात दिवसभर ऊन, उन्हात माझी खुर्ची, खुर्चीत मी आणि माझे दोन गुडघे... डॉक्टरच्या गोळ्यांना जमत नाही ते त्या कोपऱ्याला जमतं, एवढंच सुख राहिलंय बघा! तर नातीच्या शाळेतून फर्मान, सूर्यचूल करा. सूनबाई म्हणते, ‘बाबा, करा की मदत, ऊन काय, फुकट असतं!’

फुकट! नात आली, मागून तिची वानरसेना. खोकं कुठलं? माझ्या नव्या बुटांचं! काळा रंग निम्मा खोक्याच्या तळाला, निम्मा मांजराला. चांदीचा कागद लावायला कापला, तर आधी मुकुट करून डोक्यावर. वरची काच कुठली, सांगा? माझ्या सासऱ्यांच्या फोटोची! तिथं मात्र माझी हरकत नव्हती.

आणि चूल मांडली कुठं? माझ्या कोपऱ्यात! खुर्ची गेली जिन्याच्या अंधारात. आत एक बटाटा. मी नुसता डोकावलो, की ‘आजोबा, सावली!’ डोक्यावर ऊन आलं तरी बटाटा ढिम्म! शेवटी विचारलं, ‘बाळा, हे किती दिवस?’ ‘शिजेपर्यंत हलवायची नाही, बाईंनी सांगितलंय!’

शिजेपर्यंत? म्हणजे माझे गुडघे गेले की हो कामातून!

पोरं जेवायला गेली तसा मी स्वयंपाकघरात शिरलो, कुकरमधला उकडलेला बटाटा उचलला, कच्चा काढला, हा आत... आणि येऊन साळसूदपणे जांभई दिली. पोरांनी काडी टोचली, तर लोणी! काय नाचली म्हणता! नात तर गळ्यातच पडली, ‘आजोबा, माझी चूल चालली!’ मी म्हटलं, शाब्बास, आता आवरा, आणि निघालो खुर्ची घेऊन...

तेवढ्यात चूल बघायला शाळेतल्या बाई हजर! ‘अगंबाई, शिजलासुद्धा? माझ्या चुलीतला तर अजून दगड आहे! चूल काय, सगळ्या सारख्याच. ही या कोपऱ्याची कमाल!’

झालं! आता दर रविवारी अख्ख्या वर्गाची खोकी माझ्या कोपऱ्यात. खरं सांगून टाकावं म्हटलं, तर नात सगळ्यांना ऐटीत सांगत फिरतेय, ‘आमच्याकडचं ऊनच वेगळं!’ तिचं नाक कापू? मग बसतो बापडा, घर उठायच्या आत पातेलंभर बटाटे उकडत, चोरासारखा... आणि परवा सूनबाई विचारते, ‘बाबा, हल्ली गॅस इतक्या लवकर कसा हो संपतो?’

काय सांगणार? म्हटलं, ‘संपू दे गं... ऊन फुकट असतं ना!’