कारण लिहा

आमच्या रांजणगावच्या कंपनीत कागद वाचवायचं सॉफ्टवेअर आलं, तवाची गोष्ट. प्रिंट काढायची म्हंजी आधी कम्प्युटरवर चौकट उघडणार, तिच्यात कारण लिहायचं, मगच मशीन कागद सोडणार. हे खूळ आमच्या प्लांट हेडचं. स्वतःला साधा मेल वाचायचा कंटाळा, आन् आम्हाला झाडं वाचवायचं भाषण.

आम्ही सगळे 'अर्जंट' लिहून मोकळे व्हायचो. पण स्टोअरला केंदूरचे एक मामा हायेत, सरळ माणूस. विचारलंय तर खरं सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

महिन्यानं मीटिंग झाली. साहेबांनी सगळ्यांच्या प्रिंटची यादी पडद्यावर लावली. नवी प्रिंट निघाली की तिच्यात तिथल्या तिथं भर पडायची, त्याचं साहेबांना कोण कौतुक. मामांच्या नावापाशी मात्र ते थांबले. पानभर एकच कारण होतं: 'साहेब स्क्रीनवर वाचत नाहीत.'

कुणी हसलं न्हाई. हसायला पण नोकरी पक्की लागती.

"मामा, हे काय लिहिलंय?"

"कारण इचारलं व्हतं साहेब, म्हून लिहिलं."

साहेब लालबुंद झाले. "तुम्हाला मेमो देतो. आधी ही यादी मला नीट वाचू द्या. जा, हिची प्रिंट काढून आणा."

मामा उठून मशीनकडं गेले. थोड्या वेळानं पडद्यावर सगळ्यांदेखत एक नवी ओळ उमटली. मामांचं नाव, आन् पुढं कारण: 'वरीलप्रमाणे.'